कर्नेलमध्ये स्क्रिप्टने कोड-स्टाइलची साफसफाई: काय पाठवायचं, काय सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याकडच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, पावसाळ्यात हातात वेळ होता म्हणून तिने लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्टेजिंग नावाच्या कच्च्या कोडच्या विभागातल्या एका वायफाय ड्रायव्हरवर चेकपॅच, म्हणजे कोडची मांडणी नियमांत बसते का बघणारी कर्नेलची स्क्रिप्ट, चालवला, साडेतीनशेच्या वर वॉर्निंग आल्या, मग चेकपॅचचंच फाइल जागच्या जागी दुरुस्त करणारं फिक्स-इनप्लेस ऑप्शन लावून आणि वर स्वतःची एक पायथन स्क्रिप्ट लिहून तिने सगळ्या वॉर्निंग दोन दिवसांत संपवल्या आणि 38 पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे सुटे तुकडे, कर्नेल सांभाळणाऱ्यांना पाठवून दिले. उत्तरं दोनच आली. एकात लिहिलेलं की एका पॅचमध्ये खूप वेगवेगळ्या गोष्टी केल्यात, दुसऱ्यात विचारलेलं की हे हार्डवेअरवर चालवून बघितलंय का, आणि बाकी सगळी शांतता. आता ती विचारतेय की मशीनने इतकं स्वच्छ करून दिलेलं यांना नको का आहे, आणि मुळात एकदाच अख्ख्या कर्नेलवर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप बसवणारं टूल, फिरवून हा विषय कायमचा का संपवत नाहीत.

मी सतरा-अठरा वर्षं एम्बेडेड लिनक्समध्ये आहे, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मशिनांचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो, दिवसा जुन्या कर्नेलवर नवे फिक्स आणून बसवायचे आणि रात्री म्हापशाला घरी बसून वर मेनलाइनला, म्हणजे मूळ कर्नेलला, पॅच पाठवायचे असं चालतं. म्हणजे साफसफाईचे पॅच मी पाठवलेतही आणि दुसऱ्यांनी पाठवलेल्यांचा त्रास काढलाय पण. तुझे 38 च्या 38 मी उघडून वाचले. तू केलंस ते फुकट गेलेलं नाही हे आधीच सांगतो, त्यात एक तर असा आहे की तो बघून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, पण त्याकडे शेवटी येतो कारण मधलं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

दुसरा प्रश्न आधी घेतो. एकदाच फॉरमॅटर फिरवा हे म्हणणं चुकीचं नाहीये, कर्नेलच्याच एका भागात तसं चालतं. कर्नेलच्या 6.1 आवृत्तीत, म्हणजे 2022 च्या डिसेंबरात, रस्ट ही दुसरी भाषा आत आली आणि रस्टच्या कोडला सुरुवातीपासून रस्टफॉरमॅट लावायचं ठरलं, तिथे स्पेस किती आणि कंस कुठे यावर कोणाचा एक मिनिट जात नाही, टूल म्हणेल ते. सी भाषेतला कोड मात्र 1991 पासून साठत आलाय, आज अख्खा कर्नेल तीन कोटी ओळींच्या पुढे गेलाय. सी साठी पण टूल आहे बरं का, 2018 साली 4.17 मध्ये मिगेल ओहेदा यांनी क्लँग-फॉरमॅटची सेटिंग फाइल आणली, मी नवी फाइल लिहिताना ती वापरतोच. पण ती नव्या कोडसाठी, किंवा तू हात लावतेयस तेवढ्या तुकड्यासाठी. जुन्या फाइलवर अख्खी फिरवून बघ एकदा घरच्या घरी. चिपच्या रजिस्टरांची जी यादी कोणीतरी हाताने टॅब मारून रकान्यांत बसवलेली असते, डावीकडे नाव, मधे ऑफसेट, उजवीकडे बिटांचा अर्थ, ती डेटाशीटच्या, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकाच्या, पानासारखी दिसते म्हणून तर एखादा आकडा चुकला की लगेच डोळ्यात भरतो, आणि ती विस्कटते. फॉरमॅटरला रकाना दिसत नाही, त्याला फक्त टोकन, म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं, दिसतात.

पण टेबलं विस्कटतात हे लहान कारण. मोठं कारण इतिहास. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना काय करतात बघ, फॉर्म एक-चौदा काढतात, मग त्याच्या मागचे कागद, मग त्याच्याही मागचे पोर्तुगीज काळातले, आणि वकील बघत बसतो की हे नाव या रकान्यात कधी आलं आणि कुठल्या दस्ताने आलं. आता समज कोणी चांगल्या मनाने ते सगळे कागद सुवाच्य अक्षरात लिहून काढले आणि प्रत्येक नोंदीखाली आजची तारीख आणि स्वतःची सही घातली. मजकुरात एक अक्षर बदललेलं नाही, वाचायला उलट सोपं झालंय, पण शोध तिथेच थांबला. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली ब्लेम ही कमांड, जी एखादी ओळ कुठल्या कमिटने म्हणजे नोंदवलेल्या बदलाने आली ते सांगते, तोच आमचा शोध. रात्री अकरा वाजता बग घेऊन बसलोय, एका ओळीत विनाकारण अधिक एक केलेलं दिसतं, का केलंय कळत नाही, ब्लेम लावला की पाच वर्षांपूर्वीचा कमिट निघतो आणि त्यात लिहिलेलं असतं की चिपच्या जुन्या रिव्हिजनला एक बाइट जास्त द्यावा लागतो. ही माहिती दुसरीकडे कुठेच नसते, ना डेटाशीटमध्ये ना कॉमेंटमध्ये. मधे स्टाइलचा कमिट आला की ब्लेम त्याच्यावर येऊन थांबतो आणि त्यात लिहिलेलं असतं "चेकपॅचची वॉर्निंग काढली".

यावर कोणी म्हणेल की गिटमध्ये सोय आहे. आहे. ब्लेमला डब्ल्यू ऑप्शन दिला की नुसत्या स्पेसचे बदल तो ओलांडून जातो, आणि 2019 मध्ये गिटच्या 2.23 पासून ठरावीक कमिट दुर्लक्षित करायची यादीही देता येते. पण ओळ तोडली, दोन ओळी जोडल्या, व्हेरिएबलचं नाव बदललं, इफची अट उलटी करून एल्स काढला, की स्पेसवाला ऑप्शन काही करू शकत नाही, आणि तुझ्या 38 मध्ये असेच जास्त आहेत.

आणि दुसरा त्रास, जो कॉलेजात असताना दिसत नाही, तो म्हणजे जुनी कर्नेलं. कारखान्यातल्या मशीनमध्ये कोणी दर दहा आठवड्यांनी नवा कर्नेल टाकत नाही, तिथे 5.10 असतो, 6.1 असतो, आणि वर मेनलाइनमध्ये सिक्युरिटीचा फिक्स आला की तो तीन ओळींचा फिक्स खाली आणून बसवायचा. मधे कोणी त्या फंक्शनची नुसती मांडणी बदलली असेल तर चेरी-पिक, म्हणजे तो एकच कमिट उचलून खाली लावणं, आपटतो, मग मी हाताने तो बसवतो, आणि हाताने बसवताना चूक होते, होतेच, मी कितीही सांभाळून केलं तरी. स्टेबल, म्हणजे फक्त फिक्स घेत राहणाऱ्या जुन्या कर्नेलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की स्पेलिंग किंवा व्हाइटस्पेससारखे किरकोळ बदल तिथे चालणार नाहीत, म्हणून साफसफाई वरच राहते आणि खाली येत नाही आणि दोन्हीतलं अंतर वाढत जातं. कधीकधी खरा फिक्स बसावा म्हणून आधीचा साफसफाईचा पॅच पण नाइलाजाने खाली ओढावा लागतो, त्याला स्टेबल-डेप-ऑफ असा टॅग लावतात, लॉगमध्ये शोधलंस तर असे भरपूर सापडतील. म्हणूनच कर्नेलमधला नेटवर्किंगचा भाग सांभाळणाऱ्यांनी आपल्या नियमांतच लिहून ठेवलंय की दुसऱ्या कामाचा भाग नसलेली नुसती साफसफाई, चेकपॅचच्या वॉर्निंग, लोकल व्हेरिएबलांचा क्रम वगैरे, पाठवू नका, त्या ढवळाढवळीची किंमत फायद्यापेक्षा जास्त आहे. स्पेलिंग आणि व्याकरणाच्या दुरुस्त्यांना मात्र त्यांची ना नाही. तुझा ड्रायव्हर स्टेजिंगमध्ये आहे, नेटवर्किंगच्या झाडात, म्हणजे त्यांच्या कोडच्या प्रतीत, नाही, हे तुझं नशीब चांगलं. स्टेजिंग 2008 पासून आहेच मुळी त्यासाठी, अर्धाकच्चा कोड आत घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून तो सुधारायचा, आणि ड्रायव्हरच्या डिरेक्टरीत राहिलेल्या कामांची टूडू नावाची फाइल असते ती तू उघडलीस का, तुझ्या पॅचेसवरून वाटतं की नाही उघडलीस.

आता चेकपॅचबद्दल. चेकपॅच ही एक पर्ल स्क्रिप्ट आहे, ती सी समजून घेत नाही, ती रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांच्या साच्यांनी, ओळी बघते. तिच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की ती नेहमी बरोबर नसते आणि तुझा निर्णय तिच्या मेसेजपेक्षा वरचा, आणि पॅच कसे पाठवावेत त्या कागदातही तेच आहे, कोड नियम मोडून जास्त चांगला दिसत असेल तर तसाच ठेवा. नवीन पोरं हा भाग वाचत नाहीत. ओळ 80 कॉलममध्ये, म्हणजे 80 अक्षरांत, बसवायचंच घे. 2020 मध्ये चेकपॅचची डिफॉल्ट मर्यादा 100 केली कारण लोक 80 मध्ये बसवायला ओळी अशा तोडत होते की वाचता येईना, स्टाइलच्या कागदात 80 ला अजूनही पसंती आहे पण वाचायला त्रास होत असेल तर ओलांडा असं आहे. आणि यूजरला दिसणारे मेसेज, प्रिंट-के वाले, ते तर कधीच तोडायचे नाहीत हा जुना नियम, कारण शेतात बसवलेल्या पंपाच्या बोर्डवर एरर आला की माणूस तो मेसेज जसाच्या तसा ग्रेप करतो, म्हणजे कोडमध्ये शोधतो, तू तो दोन तुकड्यांत मोडलास की त्याला सापडणार नाही. तुझ्या पॅच 11 मध्ये असे सहा मेसेज मोडलेत, ते परत जोड.

यूडिलेची, म्हणजे ठरावीक मायक्रोसेकंद थांबायच्या फंक्शनची, गोष्ट सांगतो, ही माझी स्वतःची आहे. चेकपॅचला स्ट्रिक्ट ऑप्शन लावला आणि कोडमध्ये 10 मायक्रोसेकंद किंवा जास्तीचा यूडिले असला की तो म्हणतो यूस्लीप-रेंज बरा. आणि म्हणतो ते बरोबरच आहे, यूडिले म्हणजे प्रोसेसर नुसता फिरत बसतो, यूस्लीप-रेंजमध्ये तो दुसऱ्याला काम करू देतो. मी आमच्या बोर्डाच्या ड्रायव्हरमध्ये एका दुपारी असे सगळे बदलले, तेव्हा नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती, टेबलावर आठवडाभर चालवलं, सगळं नीट. त्यातलं एक फंक्शन चिप रिसेट करायचं, आणि नेहमी ते साध्या रस्त्याने बोलावलं जायचं, पण एरर आला की दुसऱ्या रस्त्याने, स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, हातात धरून. स्पिनलॉक धरलेला असताना झोपायचं नसतं, हा कर्नेलचा पहिला धडा. माझ्या टेबलावरचा कर्नेल प्रीएम्प्शन, म्हणजे चालू काम मधेच थांबवून दुसरं घेणं, बंद करून बिल्ड केलेला होता, आणि त्या बिल्डमध्ये स्पिनलॉक घेतला तरी प्रीएम्प्ट काउंट, म्हणजे इथे झोपायचं नाही हे सांगणारा आकडा, वाढत नाही, म्हणजे तिथे चूक झाली तरी ओरडणारं कोणी नाही. गिऱ्हाइकाकडचा कर्नेल प्रीएम्प्शन चालू करून बनवलेला. तिथे ऐन पावसात वीज ये-जा करायला लागली, केबलवर एरर यायला लागले, ड्रायव्हर त्या दुसऱ्या रस्त्याने गेला आणि लॉगमध्ये शेड्यूलिंग व्हाइल अॅटॉमिक, म्हणजे झोपायचं नाही तिथे झोपलास, आणि मशीन थांबलं. गिऱ्हाइकाने फोन केला तेव्हा मी मांडवीवर फेरीत होतो, ते अजून आठवतं. चेकपॅचची काही चूक नव्हती, तो फक्त सुचवतो, हे बदल तो स्वतः करतही नाही. बदल मी केला होता आणि त्या फंक्शनला कोण कोण बोलावतं हे मी बघितलं नव्हतं. त्यानंतर आजतागायत माझ्या टेस्टच्या कर्नेलमध्ये डीबग-अॅटॉमिक-स्लीप हा ऑप्शन चालूच असतो, तूही चालू ठेव, तो लावला की प्रीएम्प्ट काउंट आपोआप येतो आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. तर तुझ्या पायथन स्क्रिप्टने केलेले सगळे यूडिलेचे पॅच, 30 ते 34, मागे घे. तुझ्याकडे ते हार्डवेअर नाही आणि ती रेंज किती ठेवायची हे पण तुला डेटाशीटशिवाय ठरवता येणार नाही. दुसऱ्या उत्तरात मेंटेनरने, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याने, विचारलं होतं ते यासाठीच.

स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकूर कॉपी करणाऱ्या, फंक्शनांचं पण तसंच. स्टर-एन-कॉपी आणि एस-स्टर-कॉपी, नाव एकसारखं वाटतं म्हणून स्क्रिप्टने बदलायचा मोह होतो. स्टर-एन-कॉपी उरलेली जागा शून्यांनी भरतो, एस-स्टर-कॉपी भरत नाही, आणि ते स्ट्रक्चर पुढे यूजर-स्पेसला, म्हणजे कर्नेलबाहेरच्या प्रोग्रामांकडे, कॉपी होत असेल तर न भरलेल्या जागेतून कर्नेलची मेमरी बाहेर जाते, म्हणजे साफसफाई करायला गेलीस आणि सिक्युरिटीचं भोक पाडून आलीस. अशा जागी एस-स्टर-कॉपीचा पॅड लावलेला, म्हणजे शून्यांनी भरणारा, प्रकार वापरायचा असतो. स्टर-एल-कॉपी या तिसऱ्या फंक्शनच्या बाबतीत रिटर्न व्हॅल्यू वेगळी, तो सोर्सची लांबी देतो आणि एस-स्टर-कॉपी जागा कमी पडली की निगेटिव्ह एरर देतो, कोणी ती तपासत असेल तर तपासणीचा अर्थच बदलला. स्टर-एल-कॉपी शेवटी 2024 मध्ये 6.8 मधून पूर्ण गेला, पण त्याआधी कित्येक वर्षं लोक एकेक जागा बघत होते, रिटर्न व्हॅल्यू वापरलीय का, वापरली असेल तर कशी. एका रात्रीत सेड, म्हणजे शब्द बदलणारी कमांड, चालवून नाही.

म्हणजे ऑटोमेशन वाईट का? अजिबात नाही, उलट कर्नेलइतकं मोठं ऑटोमॅटिक काम फार कमी ठिकाणी होत असेल. इन्रिया या फ्रान्समधल्या संशोधन संस्थेतल्या जुलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक्सिनेल हे टूल बनवलं, फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे तो पाठीवर ठिपके असलेला छोटा लाल किडा जो दुसरे किडे खातो. ते टूल मजकूर नाही बघत, ते सी ची रचना बघतं. केमॅलॉकने मेमरी घेतली आणि लगेच खाली त्याच पॉइंटरला मेमसेटने शून्य केलं तर दोन्हीच्या जागी एक केझॅलॉक, हा नियम तू एकदा लिहायचा, व्हेरिएबलचं नाव काही असो, मधे स्पेस कितीही असो, एनयूएलएलशी तुलना केली असो की उद्गारचिन्ह लावलं असो, ते ओळखतं. कर्नेलच्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत असे नियम तयार ठेवलेत, मेक कॉक्सीचेक म्हटलं की चालतात. तुझ्या पायथन स्क्रिप्टमधलं निम्मं काम याने व्यवस्थित झालं असतं, आणि कमिट मेसेजमध्ये तो नियमच चिकटवता येतो, मग रिव्ह्यू करणारा तुझ्या 200 ओळी न वाचता तुझा 8 ओळींचा नियम वाचतो. हे फार मोठं आहे गं. माणसाचं वाचणं हेच तिथे कमी आहे, कोड लिहिणारे भरपूर आहेत, एकेका रिलीजमध्ये दहा हजारांहून जास्त कमिट जातात, वाचणारे मोजके आणि त्यातले बरेच दमलेले.

आणि काही साफसफाया तर बघून समाधान वाटतं. 2019 च्या सुरुवातीला लिनस टोरवाल्ड्स यांनी अॅक्सेस-ओके या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट सगळ्या कर्नेलमधून एका झटक्यात काढला. तो होता का, तर जुन्या 386 प्रोसेसरमध्ये कर्नेल मोडमध्ये राइट-प्रोटेक्शन पाळलं जायचं नाही, म्हणून वाचतोय की लिहितोय हे वेगळं सांगावं लागायचं, आणि 386 चा सपोर्टच त्याच्या कित्येक वर्षं आधी काढून टाकला होता. कारण संपलं होतं, नुसती खूण उरली होती. आणि वेळ बघ कोणती निवडली, मर्ज विंडो, म्हणजे नवं काम आत घ्यायची मुदत, संपता संपता, 5.0 च्या आरसी-1 च्या, म्हणजे पहिल्या चाचणी आवृत्तीच्या, तोंडावर, जेव्हा सगळ्यांची झाडं आत आलेली असतात आणि नवीन काम अजून साठलेलं नसतं. आपल्याकडे कौलारू घर शाकारायचं ते मे महिन्यात, जुलैत नाही, आणि चढणाऱ्याला पाय कुठे ठेवायचा ते ठाऊक हवं, नाहीतर एक फुटकं कौल बदलायला वर जातो आणि चांगली चार फोडून खाली येतो. अख्ख्या झाडावरचे बदल नेहमी अशाच वेळी येतात आणि घराची वासे-रिपा माहीत असलेला माणूसच ते करतो.

दुसरं उदाहरण फॉलथ्रूचं. स्विचमध्ये ब्रेक लिहायचा राहिला की एक केस खाली दुसऱ्यात वाहून जाते, आणि कधीकधी ते मुद्दाम असतं. मुद्दाम की चुकून, हे कंपायलरला कळणार कसं? पूर्वी लोक कॉमेंट लिहायचे, जीसीसी हा कंपायलर 7 पासून त्या कॉमेंट ओळखायला लागला, पण क्लँग हा दुसरा कंपायलर सी मध्ये कॉमेंट बघत नाही, मग फॉलथ्रू असा शब्दच मॅक्रोने केला आणि 2020 मध्ये 5.9 च्या वेळी सगळ्या कॉमेंटच्या जागी तो आला. गुस्ताव्हो सिल्वा यांनी त्याआधी काही वर्षं घालवली ती या प्रत्येक जागी जाऊन हे मुद्दाम आहे की राहून गेलंय बघण्यात, आणि काही ठिकाणी खरोखरच ब्रेक राहिलेला निघाला. शब्द बदलणं स्क्रिप्टने झालं, पण स्क्रिप्ट चालवण्यासारखी परिस्थिती माणसाने एकेक जागा वाचून तयार केली, तीही वर्षानुवर्षं.

इथून मी मुख्य गोष्टीवर येतो, ही मला कोणी सांगितली नव्हती आणि कळायला बराच काळ गेला. सी मध्ये कंपायलर इंडेंट, म्हणजे ओळ डावीकडून किती आत आहे ते, बघत नाही, महिरपी कंस बघतो. पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते इंडेंट सांगतं. एक इफ, त्याच्याखाली दोन ओळी, दोन्ही एका टॅबने आत, कंस नाहीत. कंपायलरच्या मते दुसरी ओळ इफच्या बाहेर, लेखकाच्या मते आत. म्हणजे कोड एक सांगतोय आणि त्याची मांडणी दुसरं, आणि हा मतभेद हाच पुरावा की इथे काहीतरी चुकलंय. 2014 च्या फेब्रुवारीत ॲपलच्या एसएसएल, म्हणजे सुरक्षित कनेक्शनच्या, कोडमध्ये जी चूक निघाली ती हीच, गोटो फेल ही ओळ दोनदा पडलेली, दुसरी इफच्या आत असल्यासारखी दिसायची पण ती नेहमीच चालायची आणि सहीची तपासणी तिथेच सुटून जायची. त्यानंतर जीसीसी 6 मध्ये अशा फसव्या इंडेंटची वॉर्निंग आली, आणि डॅन कारपेंटर यांचं स्मॅच टूलही इनकन्सिस्टंट इंडेंटिंग म्हणून दाखवतं. आता अशा फाइलवर फॉरमॅटर फिरव. तो काय करेल, दुसरी ओळ मुकाट्याने डावीकडे सरकवेल, कारण त्याच्या दृष्टीने ती बाहेरच आहे. वॉर्निंग गेली. बिल्ड तीच, बायनरी तीच, टेस्ट पास. फक्त पुरावा पुसला गेला आणि बग आता नीटनेटका होऊन कायमचा आत बसला, यापुढे वाचणाऱ्या कोणालाही शंका यायचं कारण उरलं नाही. म्हणून इंडेंटची वॉर्निंग आली की आधी विचारायचं, ओळ चुकीच्या जागी आहे की कंस राहिलेत, आणि त्याचं उत्तर कोडच्या अर्थात असतं, मांडणीत नसतं.

पाठवायच्या आधी काय करायचं ते पटकन सांगतो. नुसता व्हाइटस्पेसचा पॅच असेल तर गिट डिफला डब्ल्यू लावून बघ, काहीही दिसता कामा नये. ओळी हलल्या असतील पण अर्थ बदलायचा नसेल तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट, म्हणजे कंपाइल होऊन बनलेली, फाइल ताडून बघ, कर्नेलच्या स्क्रिप्ट्समध्येच ऑबजडिफ नावाची स्क्रिप्ट आहे, डीबग इन्फो बंद करून बिल्ड कर नाहीतर ओळींचे नंबर बदलले म्हणून सगळंच वेगळं दिसेल, वॉर्न-ऑन असेल तर त्यातही ओळीचा नंबर असतो तेवढा फरक चालतो. आणि हे केलंयस ते कमिट मेसेजमध्ये लिही, टूल कुठलं वापरलंस ते पण लिही. एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल, कारण पुढे त्यातला एक उलटवायचा झाला तर बाकीचे राहायला हवेत. साइन्ड-ऑफ-बाय खाली नाव तुझं असतं, स्क्रिप्टचं नसतं, आणि मेंटेनर प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर पण तूच द्यायचंय.

तर तुझे 38. यूडिलेचे पाच गेले. उघड्या कंसाखाली ओळ बरोबर लावण्याचे जे 14 आहेत ते सोडून दे, त्यात बऱ्याच ठिकाणी तू ओळ उघड्या कंसावरच संपवलीयस आणि चेकपॅच त्यावर परत वॉर्निंग देतो. स्पेलिंगचे दोन्ही चांगले, तसेच पाठव. वापरात नसलेले मॅक्रो आणि इफ-शून्यमधला मेलेला कोड काढलायस ते तीन पॅच मला आवडले, टूडू फाइलमध्ये पण ते काम लिहिलेलं आहे, मेसेजमध्ये एक ओळ घाल की ते कुठेच वापरलेले नाहीत हे तू ग्रेप करून बघितलंस. कॅमलकेसची, म्हणजे मधेच कॅपिटल अक्षरं असलेली, नावं बदललीयस ती ठेव पण एका पॅचला एक नाव. मेमसेट-केझॅलॉकचे कॉक्सिनेलने परत कर.

आणि पॅच 23. रिसीव्हच्या फंक्शनमध्ये चेकसम, म्हणजे पॅकेट धड आलंय का ते तपासायचा आकडा, चुकला तर डेव्ह-एरने मेसेज छापायचा आणि खाली एरर मोजणारा काउंटर एकाने वाढवायचा, दोन्ही ओळी आत होत्या, कंस नव्हते, आणि तुझ्या स्क्रिप्टने दुसरी ओळ डावीकडे सरकवली. बाय, तिथे कंस राहिलेत. आज तो ड्रायव्हर येणारं प्रत्येक पॅकेट एरर म्हणून मोजतोय. साडेतीनशे वॉर्निंगमध्ये एवढा एकच खरा बग आहे आणि तो आत्तापर्यंत कोणाला दिसला नव्हता. ओळ परत आत घे, कंस घाल, ब्लेम लावून ती ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते शोध, त्याच्या हॅशची पहिली 12 अक्षरं आणि शीर्षक घेऊन फिक्सेस टॅग, म्हणजे कुठल्या कमिटची चूक दुरुस्त होतेय ती खूण, लाव. हार्डवेअर नाही म्हणून घाबरू नकोस, फक्त कंपाइल करून बघितलंय असं सरळ लिही. हा पॅच एकटा पाठव, आधी पाठव, बाकीच्या कशाबरोबर बांधू नकोस, स्टेबलमध्ये जाण्यासारखा आहे. पाठवण्याआधी मला एकदा दाखवायचा असेल तर दाखव, चतुर्थीपर्यंत मी इथेच आहे.